सोनेरी पत्रा, उलटे आटे

स्पर्धेसाठी बनवलेल्या रिमोट गाडीच्या किटचं खोकं उघडलं की आधी लक्षात येतं ते त्यात काय नाही. मोटर नाही, बॅटरी नाही, वेग सांभाळणारा कंट्रोलर नाही, चाकं वळवणारा सर्वो नाही, हातात धरायचा रेडिओही नाही. बऱ्याच किटांत टायर नसतात, आणि बॉडी असते ती बिनरंगाची, पारदर्शक. तयार गाडी विकत घेऊन अंगणात पळवणाऱ्याला ही शुद्ध लबाडी वाटेल. पण शर्यतीत उतरणाऱ्याची मोटर ठरलेली असते, रेडिओ त्याच्या हाताला बसलेला असतो आणि टायर तर ट्रॅकची माती पाहिल्याशिवाय ठरतच नाहीत. कंपनीने घातले असते तरी त्याने ते पहिल्याच दिवशी काढून ठेवले असते. म्हणून खोक्यात तेवढंच येतं जे घरी बसून कुणाला करता येणार नाही: चेसिस, सस्पेन्शन, गिअरबॉक्स आणि या तिघांमधली मोजून-मापून बसवलेली भूमिती. काय द्यायचं नाही हे ज्याला कळलं, त्याला गिऱ्हाईक कळलं.

या जातीच्या गाड्यांचं एक मूळ घराणं आहे. कॅलिफोर्नियातल्या असोसिएटेड इलेक्ट्रिक्सच्या रॉजर कर्टिस यांनी आखलेली 'आरसी१०' ही बग्गी १९८४ मध्ये बाजारात आली. टामियाची हॉर्नेट आणि ग्रासहॉपरही त्याच साली आल्या. त्या पोरांच्या लाडक्या होत्या, देखण्या होत्या, आणि त्यांचा जीव मजेत होता. आरसी१० पहिल्यापासून जिंकण्यासाठी जन्मली. १९८५ मध्ये डेल मार इथे १:१० प्रमाणातल्या इलेक्ट्रिक ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा टू-व्हील ड्राइव्हचं विजेतेपद जे हॅल्सी यांनी याच गाडीवर मिळवलं. १९८९ मध्ये सिडनीला मासामी हिरोसाका यांनीही टू-व्हील ड्राइव्हमध्ये हीच गाडी पुढे काढली. चार-पाच वर्षं एका साच्यातून जग जिंकता आलं, यात त्या साच्याची पुरेशी तारीफ झाली.

तिचं चेसिस आधी पाहावं. ॲल्युमिनियमचा एक पत्रा, कडा वर वळवून त्याचं उथळ तबक केलेलं, आणि वर सोनेरी ॲनोडायझिंग. सोनेरी रंगाने गाडी प्रसिद्ध झाली, पण खरी हुशारी वळवलेल्या कडांत आहे. सपाट पत्रा उडीनंतर आपटला की वाकतो, पिळतो. त्याच पत्र्याच्या कडा उभ्या केल्या की जवळपास तेवढ्याच वजनात तो ताठ राहतो. शिवाय त्याच कडांच्या आत बॅटरी आणि रिसिव्हर मातीपासून सांभाळले जातात. पुढचं नाक वेगळ्या पट्टीचं, वर उचललेलं. त्यामुळे पुढच्या सस्पेन्शनच्या बिजागऱ्याही मागे झुकतात, आणि चाक दगडावर आदळलं की ते नुसतं वर न जाता थोडं मागेही सरकतं. म्हणजे धक्का गाडीला थांबवत नाही, चाकाखालून निघून जातो. या झुकावाला किक-अप म्हणतात. आजच्या किटमध्येही तो असतोच, फक्त त्याचे अंश बदलता येतात. पत्र्याला मोजकी वळणं देऊन इतकी कामं करून घेणं, ही काटकसर पाहतच राहावी अशी.

मोटर कुठे बसते हेही वाचण्यासारखं आहे. आरसी१० मध्ये ती मागच्या ॲक्सलच्याही मागे असे. सैल, भुसभुशीत मातीत मागच्या चाकांवर भार हवाच, नाहीतर ती नुसती गरगरतात. पुढे ट्रॅक बदलले. अमेरिकेत पाणी मारून घट्ट केलेली चिकणमाती आली, युरोपात कृत्रिम गवत आणि गालिचे अंथरले गेले. पकड आयती मिळू लागली तेव्हा मागचा भार वळताना शेपटीसारखा झोकांड्या देऊ लागला. मग मोटर ॲक्सलच्या पुढे, गाडीच्या पोटाकडे सरकली. असोसिएटेडच्याच बी५ पिढीत मागे मोटर आणि मध्ये मोटर अशी एका गाडीची दोन रूपं निघाली होती. स्लोव्हाकियातली एक्सरे कंपनी तिची एक्सबी२ बग्गी मातीसाठी वेगळी आणि गालिच्यासाठी वेगळी विकते. जाणकार माणूस उघडं चेसिस पाहून ती कुठल्या जमिनीवर धावते ते सांगू शकतो.

आता मॅन्युअल उघडा. स्क्रूंची चित्रं पानावर मूळ आकारात छापलेली असतात. हातातला स्क्रू चित्रावर ठेवायचा, जुळला तर तोच. दहा मिलिमीटरचा की बाराचा, असा घोळच राहत नाही. सुटे भाग क्रमांकाच्या पिशव्यांत येतात आणि एका टप्प्याचे भाग एका पिशवीत. शेवटी सेटअप शीट असतं: शॉकमध्ये कुठलं ऑइल, कुठल्या भोकात कुठला दांडा, मागच्या चाकांचा टो-इन म्हणजे आतला कल किती, अशा सगळ्या चौकटी मांडलेल्या. एक पान कारखान्याच्या आकड्यांनी भरलेलं आणि एक कोरं. ते कोरं पान मला या सगळ्या छपाईतलं सर्वांत सुसंस्कृत पान वाटतं. कंपनी म्हणते, आमचं मत हे, आता तुमचं लिहा.

मॅन्युअलमधून नजर काढून एक टर्नबकल हातात घ्या. काडीपेटीतल्या काडीपेक्षा थोडा जाड, पोलादाचा किंवा टायटॅनियमचा हा दांडा. एका टोकाला सरळ आटे, दुसऱ्याला उलटे. दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे कप बसतात आणि ते कप गोल बॉलवर टचकन बसवायचे. मधल्या चपट्या भागाला पाना लावून फिरवलं की दोन्ही टोकं एकदम आत किंवा एकदम बाहेर जातात. चाकाचा कल बदलायला काहीही सोडवावं लागत नाही. इथवर कुणालाही दिसेल. आता बारकाईने पाहा: चपट्या भागाच्या एका बाजूला एक नाजूक खाच कोरलेली आहे. उलटे आटे कुठल्या टोकाला आहेत, त्याची ही खूण. चांगला बांधणारा सगळ्या दांड्यांच्या खाचा गाडीच्या एकाच बाजूला ठेवतो. मग पुढच्या फेरीला चार मिनिटं उरलेली असताना, कुठल्याही दांड्याला पाना कुठल्या दिशेने फिरवला की तो लांबतो, हे आठवावं लागत नाही. नखाएवढ्या खाचेत घाईच्या वेळची चूक टाळण्याची सोय आहे.

माझ्या मते या किटचा कळसाध्याय मात्र बॉल डिफरन्शियल, थोडक्यात डिफ. वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि आतलं कमी. तो फरक सांभाळायला मोठ्या गाडीत दात्यांचे गिअर असतात. इथे मधल्या गिअरमध्ये भोकं असतात आणि त्यांत टंगस्टन कार्बाइडचे छर्रे, साधारण २.४ मिमी व्यासाचे. दोन्ही बाजूंना गुळगुळीत पोलादी चकत्या. एका लांब स्क्रूने आणि कडक स्प्रिंगने हे सगळं दाबून धरलेलं. हा फरक सांभाळायला दाते नाहीतच, सगळा कारभार दाबलेल्या छऱ्र्यांच्या घर्षणावर. आता ग्रीस पाहा, कारण ग्रीस दोन प्रकारचं येतं. चकत्यांमधल्या छऱ्र्यांना पारदर्शक सिलिकॉन ग्रीस, कारण तिथे छर्रे गुळगुळीत फिरले पाहिजेत पण घसरता कामा नयेत. स्प्रिंगचा भार पेलणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगमधल्या बारीक छऱ्र्यांना काळं ग्रीस, कारण त्यांना फक्त भार घेऊन निमूट फिरायचं असतं. पकड द्यायची त्याला एक आणि भार वाहायचा त्याला दुसरं. दोन्हींची अदलाबदल केली, तर डिफ नीट चालणारच नाही.

डिफ आवळण्याची सूचनाही अशीच नेमकी. असोसिएटेडच्या मॅन्युअलचं म्हणणं, स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळा आणि मग फेऱ्याचा आठवा हिस्सा सोडा. पुढे गिअरबॉक्सबाहेर स्लिपर क्लच येतो. उडीवरून उतरताना थ्रॉटल दाबलेला असेल तर चाकाला अचानक जमीन लागते, आणि तो झटका दात्यांवर न जाता स्लिपरच्या पॅडवर जिरतो. या दोघांचं नातं एका वाक्यात बसतं: आधी स्लिपर घसरला पाहिजे, डिफ कधीच नाही. तपासणी हाताने होते. स्पर गिअर आणि उजवं मागचं चाक घट्ट धरा, डावं चाक पुढे फिरवून पाहा. डिफ सहज घसरलं तर स्प्रिंग ढिली आहे. उलट झालं, म्हणजे डिफ स्लिपरच्या आधी सुटलं, तर चकत्यांवर ओरखडे उठतात आणि सगळं डिफ पुन्हा सोडवावं लागतं. कुठला भाग आधी हार मानणार हे आधीच ठरवून ठेवणं, याला मी यंत्ररचनेतला खरा विचार म्हणतो.

शॉक ॲब्सॉर्बर भरणं हे या कामातलं सर्वांत निवांत काम. ॲल्युमिनियमची नळी, तिच्या तळाला ओ-रिंगा, आत दांडा आणि दांड्यावर भोकं पाडलेला पिस्टन. नळीत सिलिकॉन ऑइल ओतायचं, पिस्टन हळू वर-खाली करायचा आणि बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं. ऑइलच्या आकड्यामागे चिकटपणा असतो. असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सेंटिस्टोक्स, ३५ वेट म्हणजे ४२५. पण ऑइलपेक्षा पिस्टनच्या भोकांकडे पाहा, कारण सगळी चतुराई तिथे आहे. हळू दबताना ऑइल भोकांतून आरामात जातं. उडीनंतर जोरात आदळलं तर त्याच भोकांत ऑइलची कोंडी होते आणि शॉक क्षणभर टणक बनतो, म्हणून पोट जमिनीला लागत नाही. भोकं मोठी केली आणि ऑइल घट्ट घातलं तर लहान खड्ड्यांवर शॉक तसाच वागेल, मोठ्या उडीवर मात्र वेगळा. १.६ मिमीचं भोक १.७ केलं की ड्रायव्हरला गाडी वेगळी लागते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यात गाडीचा स्वभाव फिरतो, आणि तो फिरवायची किल्ली किटमध्येच दिलेली असते.

मागच्या सस्पेन्शनच्या बिजागऱ्या जिथे बसतात तिथे प्लॅस्टिकचे छोटे इन्सर्ट असतात. खेळाडू त्यांना 'पिल' म्हणतात. मधलं भोक थोडं एका बाजूला सरकलेलं. तो उलटा बसवला की दांडा अर्धा मिलिमीटर वर, खाली किंवा बाजूला जातो आणि मागच्या चाकांचा टो-इन किंवा अँटी-स्क्वाट, म्हणजे वेग घेताना गाडीचा मागचा भाग खाली बसण्याला होणारा विरोध, बदलतो. मागची चाकं साधारण तीन अंश आत वळवलेली असतात, कारण त्याने सरळ रेषेत गाडी शांत राहते. पूर्वी वेगळे कोन हवेत तर वेगळे भाग विकत घ्यावे लागत. आता एका इन्सर्टमध्ये चार-पाच गाड्या लपलेल्या आहेत.

बॉडीबद्दल थोडंच. ती पॉलीकार्बोनेटची, रंग आतून द्यायचा. म्हणून कॅनव्हासवरचा क्रम इथे उलटा: आधी बारीक रेघा आणि गडद रंग, शेवटी पार्श्वभूमी. बाहेरच्या पातळ फिल्मवर रंगाचे शिंतोडे साचतात. शेवटी ती सोलायची, आणि तोवर जे धूसर दिसत होतं ते चकचकीत होतं. दगडाचा ओरखडा बाहेरच्या प्लॅस्टिकवर पडतो, रंग आत सुरक्षित राहतो.

उणिवाही सांगाव्यात. हे किट महाग असतं आणि किमतीत इलेक्ट्रॉनिक्स धरलेले नसतात. बॉल डिफ काळजी मागतं, म्हणून घट्ट पकडीच्या ट्रॅकवर अनेक जण ऑइल भरलेलं गिअर डिफ वापरतात. प्लॅस्टिकचे कप झिजतात, खेळ वाढतो, ते बदलावे लागतात. शिवाय वजनाची किमान मर्यादा आहे. या वर्गातल्या टू-व्हील बग्गीसाठी आंतरराष्ट्रीय नियम १४७४ ग्रॅम म्हणतो. हलकी गाडी जिंकते असं नाही, त्या १४७४ ग्रॅमची वाटणी कुठे केली त्यावर सगळं ठरतं.

शर्यत मात्र फक्त पाच मिनिटांची असते. त्या पाच मिनिटांसाठी इतकं बारीक काम कशाला, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने तयार गाडी घ्यावी, त्यात काही कमीपणा नाही. बाकीच्यांना एकच सांगणं: पहिलं किट बांधाल तेव्हा मॅन्युअलचा क्रम मोडू नका, टर्नबकलच्या खाचा एका बाजूला ठेवा आणि दोन्ही ग्रीस वेगवेगळी वापरा. कोऱ्या सेटअप शीटवर मात्र पहिल्या सरावानंतरच लिहायला घ्या.