गाण्याच्या जागी करकर

चित्रपटाच्या सुरुवातीची नावं आपण क्वचितच वाचतो, पण पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांच्यावरून नेमकं ओळखतो. बंदुकीच्या नळीतून माणूस दिसला की बॉण्डपट. 'सेव्हन'साठी (1995) काइल कूपरने ओरखडल्यासारखी थरथरती अक्षरं आणली आणि पुढे कित्येक थरारपटांनी तीच वाट धरली. वेस्टर्नची रीत याहून जुनी आणि सरळ: मोकळा मुलूख, घोडेस्वार आणि सोबतीला संगीत. फ्रेड झिनेमनच्या 'हाय नून'ने (1952) या रीतीचं सोनं केलं. नावं पडत असतानाच तीन गुंड एकत्र येतात, दुपारच्या गाडीने येणाऱ्या म्होरक्याला घ्यायला निघतात आणि टेक्स रिटरच्या आवाजातलं गाणं नायकापुढचं संकट आधीच कानावर घालतं.

सर्जिओ लिओनेने 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये (1968) हाच प्रसंग घेतला. तीन बंदूकबाज, आडरानातलं स्टेशन, यायची असलेली गाडी. काढलं ते फक्त गाणं, तेही एन्नियो मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना! उरते पवनचक्कीची करकर. तारयंत्राची टकटक जॅक ईलमला सहन होत नाही, तो सरळ तारच उपटतो. मग त्याच्या तोंडावर माशी बसते. हात उचलायचाही त्याला कंटाळा. तो ओठ वाकडे करून फुंकर मारत राहतो आणि शेवटी तिला पिस्तुलाच्या नळीत कोंडून तिची गुणगुण खुशीत ऐकतो. वूडी स्ट्रोडच्या टकलावर वरून पाणी ठिबकतं. तो जागा बदलत नाही, टोपी चढवतो. नंतर टोपीत साठलेलं तेच पाणी पिऊन टाकतो.

दहा मिनिटांहून अधिक काळ हे चालतं आणि नावं अधूनमधून, सवडीने उमटत राहतात. ही कंटाळवाणी लांबण आहे असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. गाणं असतं तर भीती आयती मिळाली असती. इथे ती आपल्याच कानांत साठत जाते.

आणि ज्यांच्या बारीकसारीक लकबी इतक्या मायेने दाखवल्या, ती माणसं कथेत टिकतच नाहीत. गाडी येते, निघून जाते आणि रुळांपलीकडून चित्रपटातलं पहिलं संगीत ऐकू येतं: चार्ल्स ब्रॉन्सनचा माउथऑर्गन. इतका वेळ रोखून धरलेलं संगीत इथे पार्श्वभूमीला राहत नाही, पात्राच्या हातात येतं. पुढच्या काही क्षणांत ते तिघेही त्याच्या गोळीला बळी पडतात.