अनुकूलनशील नियंत्रण आणि स्थैर्याची सिद्धता

विमानातील एखादी यंत्रणा निकामी झाली असता स्वतःच आपला प्रतिसाद बदलून विमान सावरणारी नियंत्रणव्यवस्था, ही कल्पना जितकी आकर्षक तितकीच चिकित्सेस पात्र आहे. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी 'एक्स-१५' मालिकेतील तिसरे संशोधन-विमान अमेरिकेत आकाशातच भंगले आणि वैमानिक मायकेल ॲडम्स मृत्यू पावले. या विमानात 'एमएच-९६' ही अनुकूलनशील व्यवस्था बसविलेली होती. साहजिकच अनुकूलनाच्या तत्त्वाकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. झॅकरी डायडेक, अनुराधा अण्णास्वामी व यूजीन लाव्हरेत्स्की यांनी २०१० साली या उड्डाणाचे जे पुनःपरीक्षण प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व या संशयाची शहानिशा करण्यात आहे.

एमएच-९६ चे तत्त्व सरळ होते. नियंत्रक पृष्ठांत विशिष्ट वारंवारतेची अल्प आंदोलने दिसेपर्यंत विवर्धन वाढवावयाचे, व ती दिसताच ते घटवावयाचे. विरळ हवेत अधिक आणि दाट हवेत कमी विवर्धन लागते; ते अशा रीतीने आपोआप साधावे, अशी योजना होती. परंतु त्या दिवशी विद्युत्-व्यत्ययानंतर विमान दिशा सोडून फिरक्या घेऊ लागले. त्यातून ते सुटले खरे. पण खाली झेपावताना पृष्ठांची आंदोलने त्यांच्या गतिमर्यादेला जाऊन भिडली. विवर्धन घटावयास हवे असता ते चढेच राहिले आणि दाट हवेत शिरणारे विमान त्या भाराने मोडले.

लेखकत्रयीचे म्हणणे असे की, एमएच-९६ च्या रचनेला स्थैर्याच्या सिद्धतेचा आधार नव्हता. ल्यापुनोव्हच्या सिद्धांतावर रचलेली व पृष्ठांची मर्यादा हिशेबात घेणारी व्यवस्था संगणकीय प्रतिरूपात तोच प्रसंग निभावून नेते, असे त्यांनी दाखविले आहे. हे प्रतिपादन ग्राह्य वाटते. अनुकूलन म्हणजे स्थैर्य नव्हे, हा भेद त्यातून स्पष्ट होतो.

तथापि, कोणतीही सिद्धता तिच्या गृहीतकांइतकीच सबळ असते. लक्ष विचलित होणे, दर्शकाचे चुकीचे वाचन आणि संभाव्य भोवळ यांमुळे ॲडम्स यांच्या हातून विमानाची दिशा ढळली, असे चौकशी मंडळाने मानले होते. हा भाग नियंत्रकाच्या समीकरणांत सामावत नाही. म्हणून प्रस्तुत लेखाने अनुकूलनाच्या तत्त्वावरील आक्षेपाला उत्तर दिले असले, तरी अपघाताची संपूर्ण उपपत्ती दिली आहे, असे म्हणता येत नाही. त्यासाठी बिघाडानंतर नियंत्रणाची किती शक्ती उरली आहे हे वैमानिकाला कसे कळावे, याचाही विचार करावयास हवा.