तसबिरीचा पुरावा : ‘संशयकल्लोळ’ची विद्यार्थी-तालीम

महाविद्यालयीन नाट्यमंडळाने ‘संगीत संशयकल्लोळ’ तालमीला घेतले की पहिल्या काही दिवसांत एक गोष्ट हटकून घडते. फाल्गुनरावाची भूमिका करणारा विद्यार्थी विनोद करू लागतो. डोळे विस्फारणे, आवाज चढवणे, वाक्यागणिक हशासाठी थांबणे सुरू होते. आणि वाचनाच्या वेळी खळखळून हसलेले सहकारी आठवडाभरात हसेनासे होतात. याला केवळ अभिनयातील कच्चेपणा म्हणून चालणार नाही. देवलांच्या विनोदाची घडण नेमकी कशी आहे, हा समीक्षेचा प्रश्न येथे तालमीच्या जागेत उभा राहतो.

मोलिएरचे ‘स्गानारेल’ (१६६०) आणि आर्थर मर्फीचे ‘ऑल इन द राँग’ (१७६१) ही या नाटकाची पूर्वपीठिका सर्वपरिचित आहे. ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे देवलांचे गद्य रूप १८९३ चे. पदांसह सिद्ध झालेले ‘संशयकल्लोळ’ गंधर्व नाटक मंडळीने १९१६ मध्ये, म्हणजे देवलांच्या निधनाच्या वर्षीच, रंगभूमीवर आणले. तालमीच्या दृष्टीने मात्र या वंशावळीहून दुसरा एक संदर्भ अधिक मोलाचा आहे. ‘ऑथेल्लो’चे ‘झुंझारराव’ हे रूपांतर याच नाटककाराने १८९० मध्ये केले होते. संशयाची शोकांतिका हाताळून झाल्यावर थोड्याच वर्षांत देवल संशयाच्या सुखात्मिकेकडे वळले. शेक्सपिअरच्या नाटकात रुमाल पुरावा ठरतो, येथे तसबीर.

या दोन पुराव्यांत एक मूलभूत भेद आहे. रुमालामागे इयागोची योजना असते. तसबिरीमागे कोणाचीच योजना नाही. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि ते कृत्तिकेच्या दृष्टीस पडते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळणारी कृत्तिका फाल्गुनरावाला दिसते. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावापाशी पाहून अश्विनशेठ रेवतीविषयी साशंक होतो. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडलेले आहे. चुकतो तो लावलेला अर्थ. ‘संशयकल्लोळ’ हे अशा रीतीने मूर्खांचे नाटक नसून वाचकांचे नाटक आहे; त्यातील प्रत्येक पात्र एका तुटक संहितेवरून संपूर्ण कथा रचत असते.

हे ध्यानात आले की तालमीची पद्धतच बदलते. कोण कोठे उभा आहे, त्याला तेथून काय दिसते आणि काय दिसत नाही, यांना संवादांइतकेच महत्त्व येते. तसबीर कोठे पडते, कृत्तिका ती किती वेळ हातात धरते, फाल्गुनराव नेमका कोणत्या क्षणी येतो, हे सारे मोजून बसवावे लागते. जाणता दिग्दर्शक येथे एक साधा उपाय योजू शकतो. प्रत्येक नटाने आपल्या पात्राने पाहिले तेवढेच, न्यायालयात साक्ष द्यावी तसे सांगायचे. फाल्गुनरावाची साक्ष निर्दोष ठरते आणि कृत्तिकेचीही. मग विनोद करण्याची गरज आपोआप गळून पडते. चारही साक्षी एकट्या प्रेक्षकाने ऐकलेल्या असतात. त्याच्या या अधिक ज्ञानातून हसू उपजते. नटाने प्रेक्षकाकडे डोळा मिचकावला की दोघांच्या ज्ञानातले अंतर मिटते आणि हास्याचा आधारच नाहीसा होतो.

तथापि सर्व संशय एकाच तोलाचे नाहीत, हेही तालमीतच कळते. फाल्गुनरावाचा संशय त्याच्या स्वभावातून येतो. अश्विनशेठच्या संशयाला समाजाने आधीच लिहून ठेवलेला अर्थ आयता मिळतो, कारण रेवती नायकिणीची मुलगी आहे. तिच्याविरुद्ध तसबिरीखेरीज दुसरा साक्षीदार लागत नाही. तिचे घर हाच साक्षीदार. ही भूमिका करणारी विद्यार्थिनी केव्हातरी विचारते की आपली निष्ठा रेवतीनेच का सिद्ध करायची? या प्रश्नाने गोंधळून जाऊन प्रयोग सुटसुटीत करण्याच्या निमित्ताने रेवतीच्या कुळाचे उल्लेख गाळण्याचा मोह होतो. पदे कमी करतानाही कात्री प्रथम तिच्यावरच चालते.

ही काटछाट सदभिरुचीची वाटली तरी ती नाटकाची हानी करते. कुळ गाळले की अश्विनशेठ हा केवळ दुसरा, तरुण फाल्गुनराव उरतो आणि त्याच्या पश्चात्तापाला वजन राहत नाही. पदे गाळली की ज्या प्रेमावर संशयाचे सावट येते, ते प्रेमच रंगमंचावर उभे राहत नाही. याच्या उलट, नाटकाला समस्याप्रधान बनवून त्यात नवी भाषणे घालणेही तितकेच अनुचित होय. ‘शारदा’ (१८९९) लिहिणाऱ्या देवलांना सामाजिक प्रश्न थेट मांडता येत होता. येथे त्यांनी तो कथानकाच्या वळणात राहू दिला आहे, आणि सुखान्तानेही तो पुरता मिटत नाही.

अखेरच्या तालमींना चार बाहेरची माणसे येऊन बसतात, तेव्हा या निर्णयाची कसोटी लागते. फाल्गुनरावाच्या संशयाला हशा मिळतो. रेवतीवर संशय येतो तेव्हा तो किंचित अडखळतो. प्रयोग पडतो आहे, या भीतीने ती जागा पुन्हा बसवण्याची घाई होते. ती घाई न करणारे विद्यार्थीच देवलांना अधिक नीट वाचतात.