पॉटेंजर यांची मांजरे : प्रयोग आणि निष्कर्ष

मांजराच्या पिल्लाला कच्च्या मांसावर वाढवावे असे सांगणारे लोक पुरावा म्हणून बहुधा एकाच प्रयोगाकडे बोट दाखवतात. हा प्रयोग अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मॉनरोव्हिया येथे १९३२ ते १९४२ या दहा वर्षांत झाला. तो करणारे डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर (धाकटे) १९६७ मध्ये वारले. पुढे १९८३ मध्ये त्यांचे लिखाण एकत्र करून ‘पॉटेंजर्स कॅट्स’ हे लहानसे पुस्तक काढण्यात आले. विज्ञान शिकवणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावे. चांगले निरीक्षण आणि घाईने काढलेला निष्कर्ष एकाच प्रयोगात शेजारी शेजारी कसे राहतात, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच मिळते.

प्रयोगाची सुरुवात मोठी गमतीची आहे. पॉटेंजर यांचे घराणे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालवत असे. तेथे अधिवृक्क ग्रंथींचा अर्क औषध म्हणून तयार होई आणि त्याची तीव्रता ठरवण्यासाठी मांजरांवर शस्त्रक्रिया करून या ग्रंथी काढल्या जात. मांजरांना आरोग्यधामाच्या स्वयंपाकघरातले शिजवलेले मांस, कच्चे दूध आणि कॉड माशाचे तेल मिळे. एवढे करूनही शस्त्रक्रियेत बरीच मांजरे दगावत. पुढे मांजरांची संख्या वाढली, उरलेसुरले मांस पुरेना. म्हणून काही पिंजऱ्यांसाठी कत्तलखान्यातून कच्चे मांस आणायला सुरुवात झाली. थोड्याच महिन्यांत या पिंजऱ्यांतली मांजरे अधिक धडधाकट दिसू लागली, त्यांची पिल्लेही सुदृढ निघाली.

दुसऱ्या एखाद्याने हा योगायोग मानून सोडून दिला असता. पॉटेंजर यांनी तसे केले नाही. त्यांनी सुमारे ९०० मांजरांची नोंद ठेवली. एका गटाला दोन भाग कच्चे मांस व एक भाग कच्चे दूध, दुसऱ्याला दोन भाग शिजवलेले मांस व एक भाग कच्चे दूध, तेल दोघांनाही. शिजवलेले मांस खाणाऱ्या गटात गर्भपात वाढले, मृत पिल्ले जन्मू लागली, हाडे व जबडे नीट वाढेनात. पिढी दर पिढी स्थिती खालावत गेली आणि हा वंश तिसऱ्या पिढीपुढे टिकला नाही. अनेक पिढ्यांचा इतका चिकाटीने केलेला अभ्यास सोपा नसतो. पॉटेंजर यांनी जे पाहिले ते खोटे होते असे मानण्याचे काही कारण नाही.

प्रश्न आहे तो पुढचा. शिजवल्यामुळे मांसात नेमका काय बदल झाला? उष्णतेने नष्ट होणारा एखादा पोषक घटक असावा, असा पॉटेंजर यांचा तर्क होता. त्या काळाच्या ज्ञानात हा तर्क रास्त होता. पण तो तपासण्याची सोय त्यांच्या प्रयोगात नव्हती. मूळ निरीक्षणच पाहा. कत्तलखान्यातून येणाऱ्या कच्च्या मांसात आतडी-काळीज होते, स्नायू होते आणि हाडेही होती. स्वयंपाकघरातून येणाऱ्या मांसाच्या वर्णनात काळीज, मेंदू, हृदय, स्नायू आहेत. हाडांचा उल्लेख नाही. म्हणजे दोन गटांत शिजवण्याचा फरक होता तसा कॅल्शियमचाही असणार. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर परिणाम कोणत्या गोष्टीचा हे कसे सांगणार?

दुधाच्या प्रयोगातही हीच अडचण येते. तेथे एक भाग कच्चे मांस सर्वांना सारखे होते. दोन भाग दूध मात्र कोणाला कच्चे, कोणाला पाश्चरीकृत, कोणाला आटवलेले, तर कोणाला साखर घालून घट्ट केलेले दिले. साखर घातलेल्या दुधावरची मांजरे सर्वांत वाईट अवस्थेत होती. पण अशा दुधाचा मोठा हिस्सा साखरच असतो. तो परिणाम उष्णतेच्या खाती मांडणे हिशेबाला धरून नाही.

मांजरांच्या आहारातले एक मोठे कोडे १९७५ मध्ये सुटले. हेझ, कॅरी आणि श्मिट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की आहारात टॉरिन नसेल तर मांजरांचे दृष्टिपटल झिजते. टॉरिन हा गंधकयुक्त, अमिनो आम्लासारखा पदार्थ आहे. १८२७ मध्ये तो बैलाच्या पित्तातून वेगळा करण्यात आला होता. माणूस, कुत्रा, उंदीर तो शरीरात पुरेसा तयार करतात. मांजराला मात्र तो फारच थोडा तयार करता येतो, आणि पित्तरसासाठी तर सतत लागतो. त्यामुळे मांजराला टॉरिन अन्नातूनच मिळावे लागते. वनस्पतींत ते जवळजवळ नसते. स्नायूंत, विशेषतः हृदयात, भरपूर असते. टॉरिन कमी पडलेल्या मांजरींत गर्भपात होतात, मृत पिल्ले जन्मतात, जगलेली पिल्ले खुरटतात, हेही पुढील संशोधनात दिसून आले. पॉटेंजर यांच्या नोंदींतला बराच भाग येथे ओळखीचा वाटतो.

टॉरिन उष्णतेने सहजी नष्ट होत नाही, ते पाण्यात विरघळते. मांस पाण्यात उकळून पाणी फेकले, की टॉरिनही त्याबरोबर जाते. म्हणजे दोष आचेचा असण्याऐवजी ओतून दिलेल्या पाण्याचा असू शकतो. पॉटेंजर यांची सर्व मांजरे टॉरिनअभावीच खंगली, हे आज सिद्ध करता येणार नाही; हाडांच्या विकारांमागे कॅल्शियमची कमतरताही असू शकेल. पण ‘कच्चे म्हणजे सजीव अन्न आणि शिजवलेले म्हणजे मृत अन्न’ या समजुतीची त्यासाठी गरज उरत नाही, एवढे नक्की. पुस्तक निघाले तेव्हा १९७५ चा शोध आठ वर्षांचा झाला होता. तरीही पुस्तकाच्या आधाराने आजवर प्रचार होतो तो त्या समजुतीचाच. कित्येकदा तर मांजरांवरचा निष्कर्ष सरळ माणसाला लावला जातो, आणि मांजराचे शरीर टॉरिनच्या बाबतीत माणसापेक्षा वेगळे आहे हे विसरले जाते.

उष्णतेचा काहीच संबंध नाही, असेही म्हणता येणार नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील पायन व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले, की तयार अन्न खाणाऱ्या काही मांजरांत टॉरिन घटून हृदयाचे स्नायू दुबळे होतात आणि टॉरिन दिल्यावर ते सुधारतात. यातले काही अन्न त्या वेळच्या शिफारशी पाळूनच बनवलेले होते. तेव्हा शिफारशी बदलण्यात आल्या. अमेरिकेत आज कोरड्या अन्नात शुष्क वजनाच्या किमान ०.१ टक्का, तर डबाबंद अन्नात ०.२ टक्के टॉरिन असावे असा निकष आहे. डबाबंद अन्न अधिक तापवले जाते, त्यातले टॉरिन आतड्यातील जिवाणूंच्या हाती अधिक लागते, म्हणून ही दुप्पट. पॉटेंजर यांच्या शंकेतला खरा अंश असा मोजता आला आणि त्यावर उपायही निघाला.

तेव्हा ‘समतोल कच्चा आहार’ या शब्दांत महत्त्वाचा शब्द ‘समतोल’ हा आहे. पिल्लाला नुसते कच्चे मांस दिले तर काय होते, हेही ठाऊक आहे. निव्वळ मांसात फॉस्फरस हा कॅल्शियमच्या १५ ते २० पट असतो. वाढत्या पिल्लाला दोन्ही जवळपास सारखे, कॅल्शियम किंचित जास्त, असे हवे असतात. हाडे किंवा कॅल्शियम न देता वाढवलेल्या पिल्लाचे शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढून घेते. मग साध्या उडीनेही पाय मोडतो. फक्त काळीज दिले तर ‘अ’ जीवनसत्त्व अति होऊन मणके जखडतात. काही कच्च्या माशांत थायमिनचा नाश करणारे विकर असते. शिजवल्याने ते निकामी होते, म्हणजे तेथे शिजवणेच हिताचे. आपल्याकडे पिल्लाला दूध-पोळी घालतात. पोळीत टॉरिन नाही, दुधात फार थोडे. अशी मांजरे तग धरतात ती बव्हंशी उंदरांच्या जोरावर.

कच्च्या अन्नाचे स्वतःचे धोकेही आहेत. मार्च २०२४ मध्ये टेक्सासमधील एका गोठ्यात बर्ड फ्लू झालेल्या गाईंचे कच्चे दूध सुमारे २४ मांजरांना मिळाले. त्यांतली निम्म्याहून अधिक दगावली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील ३ वाघ आणि १ बिबट्या याच रोगाने गेले, तेव्हा संशय कोंबडीच्या मांसावरच घेतला गेला. साल्मोनेला जिवाणू आणि हा विषाणू गोठवूनही टिकतात. पुरेशा आचेपुढे ते टिकत नाहीत. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ पासून कच्च्या प्राणिज आहाराविरुद्ध भूमिका घेतली आहे. घरात लहान मूल, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल तर हा विचार अधिकच करायला हवा.

एवढ्यावरही कोणाला पिल्लाचा आहार बदलायचाच असेल, तर पाककृती पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावी. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत ७ ते १० दिवसांत बदल करावा. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून पिल्लाला उपाशी ठेवू नये. लहान पिल्लाच्या रक्तातली साखर लवकर उतरते.

हा विषय वर्गात घेताना प्राण्यांवर प्रयोग करण्याची काही गरज नाही. बीटाच्या फोडी पाण्यात उकळा आणि पाण्याचा रंग मुलांना दाखवा. मग विचारा : बीटातला रंग नष्ट झाला, की दुसरीकडे गेला? त्यानंतर पॉटेंजर यांचे दोन गट फळ्यावर मांडा आणि तिसरा, चौथा गट कोणता हवा होता ते मुलांनाच सुचवू द्या. शिजवलेले मांस त्याच्या पाण्यासकट, शिजवलेले मांस आणि वरून हाडांची पूड, असे गट मुले आपणहून सांगतील. दहा वर्षे आणि ९०० मांजरे खर्ची पडूनही जो प्रश्न सुटला नाही, तो सोडवायला काय कमी पडले होते, हे त्यांना तेवढ्यात कळेल.