सजलेले घर आणि अदृश्य हात : मराठीतील गृहसजावट व आतिथ्यविषयक सल्लालेखनाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, कविता, नाटक व आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांची जितकी बारकाईने दखल घेतली, तितकी घर कसे लावावे आणि पाहुण्यांचे स्वागत कसे करावे हे सांगणाऱ्या लेखनाची घेतली नाही. हे लेखन 'उपयुक्त' या सदरात मोडते आणि उपयुक्त ते वाङ्मयीन नव्हे, असा एक समज त्यामागे असावा. वस्तुतः मध्यमवर्गीय मराठी घरात अनेकदा ललित साहित्यापेक्षा हेच लेखन अधिक नियमितपणे वाचले गेले, कात्रणे कापून वहीत चिकटवली गेली आणि त्याबरहुकूम खोलीतील खाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवली गेली. १९३० मध्ये सुरू झालेल्या 'स्त्री' मासिकापासून स्त्रियांच्या नियतकालिकांतील सदरे, दिवाळी अंकांतील सजावटीची पाने, पाककृतींची पुस्तके आणि पुढे वृत्तपत्रांच्या साप्ताहिक पुरवण्या अशी याची परंपरा सांगता येते. चांगले घर कोणते आणि चांगला पाहुणचार कोणता, हे ठरवण्याचा अधिकार या लेखनाने आपल्याकडे घेतला. त्यामुळे ते केवळ निरुपद्रवी मानून बाजूला सारणे योग्य नव्हे.

सल्ल्याचे व्याकरण

या लेखनाचे पहिले वैशिष्ट्य त्याच्या क्रियापदांत दिसते. जुन्या पाककृती व गृहोपयोगी लेखनात विध्यर्थ आढळतो : घालावे, ठेवावे, मांडावे, निवत ठेवावे. या रचनेत कर्ता नसतो. काम होते, परंतु ते कोण करते हे वाक्यात उच्चारण्याची गरज पडत नाही. कारण लिहिणाऱ्यास व वाचणाऱ्यास ते आधीच ठाऊक असते. अलीकडच्या पुरवण्यांत विध्यर्थाची जागा आज्ञार्थाने घेतली. 'लावा', 'सजवा', 'तुमच्या हॉलला नवा लूक द्या' अशी थेट वाचकाला उद्देशून येणारी वाक्ये रूढ झाली. वरवर पाहता येथे कर्ता प्रकट झाला आहे. तथापि हा 'तुम्ही' म्हणजे पैसे खर्च करणारा व निवड करणारा ग्राहक होय. पडदे काढून धुणारा, माळ्यावरून बशा उतरवून पुसणारा आणि पाहुणे गेल्यावर त्या परत कागदात गुंडाळणारा नव्हे. निवड दृश्य झाली, श्रम पूर्वीइतकेच अदृश्य राहिले.

या संदर्भात कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा' (१९७०) या पुस्तकाचा उल्लेख आवश्यक ठरतो. ते पाककृतींचे पुस्तक आहे, सजावटीचे नव्हे; परंतु सल्लालेखन वाचकाशी प्रामाणिक कसे राहू शकते याचा तो नमुना आहे. वाटी आणि चमचा हे माप त्याने घरोघरी रुजवले. ज्या स्वयंपाकघरात वजनकाटा नाही तेथेही ते माप उपलब्ध असते. लेखिकेने वाचकाच्या घरात जे आहे तेथून सुरुवात केली. सजावटविषयक लेखनाची सुरुवात बहुधा वाचकाच्या घरात जे नाही तेथून होते. 'फोकल पॉइंट', 'अ‍ॅक्सेंट वॉल', 'रीडिंग कॉर्नर' या संज्ञा ज्या आकाराची खोली गृहीत धरतात, ती बहुसंख्य वाचकांकडे नसते. मुंबईतील बीडीडी चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेथे स्वयंपाक, झोप, अभ्यास, देव आणि पाहुणा या सर्वांसाठी एकच भिंतकोपरा वेळेनुसार आपले नाव बदलत असे. रात्री अंथरूण, सकाळी बैठक, दुपारी शिवणयंत्र. अवकाशाचा इतका कुशल वापर अन्यत्र क्वचितच आढळेल. तरीही 'छोट्या घराची सजावट' या मथळ्याखालील लेखांत या कौशल्याकडून काही शिकावे अशी वृत्ती सहसा दिसत नाही. ते कौशल्य अडचण म्हणून येते आणि तिच्यावरील उपाय म्हणून दुकानातील घडीचे फर्निचर येते.

आवडनिवड ही नैसर्गिक नसून सामाजिक स्थानाशी बांधलेली असते, हे प्येर बोर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये सविस्तर मांडले. मराठी घरातील 'शोकेस' हे त्याचे बोलके उदाहरण म्हणता येईल. एकेकाळी बाहेरच्या खोलीतील काचेच्या कपाटात बाहुल्या, स्पर्धेतील ढाल आणि कधीही न वापरलेला टी-सेट मांडणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. नंतरच्या सल्लालेखनाने तिला 'पसारा' ठरवले आणि मोकळ्या भिंतीला सुरुचीचा मान दिला. ढाल खरी होती, ती मुलीने मिळवलेली होती, हा तपशील या निर्णयात मोजला गेला नाही.

पंगत : सौंदर्य आणि मर्यादा

आतिथ्यविषयक लेखनात गेल्या काही वर्षांपासून 'पारंपरिक थीम' लोकप्रिय आहे. केळीचे पान, पाट, पानाभोवती रांगोळी, समई, उदबत्ती, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी, वर मीठ आणि लिंबाची फोड. ही मांडणी निःसंशय सुंदर आहे. तिच्यात रंगाचा, चवीचा आणि हाताच्या सोयीचा विचार आहे, आणि तो कोणा एका सजावटकाराने केलेला नसून पिढ्यांनी घडवलेला आहे. मात्र पंगत ही केवळ मांडणी नव्हती. कोणी कोणाच्या शेजारी बसावे, कोणी वाढावे, कोणी आधी जेवावे, कोणी ओसरीवर आणि कोणी अंगणाबाहेर, याचे ते नियमपुस्तक होते.

१८९० मधील पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण सर्वांस ज्ञात आहे. मिशनमधील कार्यक्रमात दिला गेलेला चहा आणि बिस्किटे यांवरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य आले आणि रानडे यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. यजमानाने पुढे केलेला एक कप चहा एवढा वादग्रस्त ठरू शकतो, ही आतिथ्याच्या मराठी इतिहासातील घटना होय. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याची वर्णने आहेत, आणि तेच घरगुती विश्व सोडून सर्वांना सामावून घेणाऱ्या संसारापर्यंतचा लेखिकेचा प्रवासही आहे. उपलब्ध वस्तू तुटपुंज्या आणि माणसे पुष्कळ, असा तो संसार. आतिथ्यावरील मराठीतील सर्वांत समृद्ध मजकूर शोधायचा तर तो पुरवण्यांत नव्हे, अशा आत्मचरित्रांत शोधावा लागतो.

या पार्श्वभूमीवर 'बुफे' पद्धतीचा पुनर्विचार व्हावा. उभ्याने जेवण्याची मराठी विनोदी लेखनाने यथेच्छ टिंगल केली आहे आणि हातात ताट, वाटी, पेला सांभाळणाऱ्या वृद्धांकडे पाहता ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. तरीही रांगेत पुढे कोण आणि मागे कोण हे तेथे जन्मावरून ठरत नाही. पंगतीचे सौंदर्य गौरवणाऱ्या लेखनाने तिची ही दुसरी बाजू गाळली, तर ते स्मरणरंजन उरते. रांगोळी ठेवून भेद काढणे शक्य आहे आणि अनेक घरांनी ते केलेही आहे. परंतु भेद होता हे आधी लिहावे लागते.

भिंतीवरची वारली, कोपऱ्यातला बांबू

सजावटविषयक लेखनात 'एथनिक' या शब्दाला फार मोठे स्थान आहे. वारली चित्रांचे अभ्रे, पडदे, चहाचे पेले आणि भिंतीचे पट्टे शहरी मराठी घरांत सर्रास दिसतात. वारली समाजात विवाहप्रसंगी सवासिनी झोपडीच्या आतील, गेरूने वा शेणाने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने 'चौक' लिहितात. त्यात पालघट देवी असते. हा विधी आहे, विवाहाचा भाग आहे. १९७० च्या दशकात डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही रेषा विधीबाहेर, कागदावर आणली आणि तिला स्वतंत्र कलेची प्रतिष्ठा मिळवून दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशांक मिळाला. विधीतून बाहेर पडणे हे ऱ्हासाचेच लक्षण मानण्याचे कारण नाही, कारण मशे यांची कला त्याविरुद्ध पुरावा देते. आक्षेप वेगळा आहे. 'भिंतीवर वारली काढा, खोलीला ग्रामीण स्पर्श मिळेल' असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा एका समाजाचे नाव चित्रशैलीचे, आणि पुढे निव्वळ नक्षीचे नाव होते. ते चित्र कोणाकडून घ्यावे, त्याचे मोल काय द्यावे, याविषयी त्याच लेखात एक वाक्य असायला हरकत नसते.

बांबूच्या टोपल्यांचे प्रकरण याहून जवळचे आहे. सूप, रोवळी, टोपली भिंतीवर टांगून त्यात दिवा लावण्याची कल्पना सजावटीच्या पानांवर वारंवार येते. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान' (२००३) या आत्मकथनाचे नावच बांबूच्या या वस्तूंवरून आलेले आहे. तेथे आयदाने विणणारी आई आहे. तिचे विणणे संसार चालवण्यासाठी आहे आणि त्या वस्तू ज्या घरांत पोहोचवायच्या, त्या घरांचा उंबरठा मुलीसाठी नाही. वस्तू आत जाते, ती करणारे हात बाहेर थांबतात. सजावटीच्या पानावरील टोपलीचे छायाचित्र आणि 'आयदान' शेजारी शेजारी ठेवून वाचले की, 'सुरुची' या शब्दाने काय झाकले जाते हे वेगळे सांगावे लागत नाही. मराठी विभागांतील अध्यापनात हे दोन्ही मजकूर एकत्र आणण्याचा प्रयोग अवश्य व्हावा.

वेळ कोणाचा

'अर्ध्या तासात पाहुण्यांसाठी घर सज्ज' अशा धर्तीचे मथळे या लेखनात नेहमीचे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातील विनावेतन कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. दोहोंचा वेळ घटला, अंतर जवळपास तसेच राहिले. श्रम वाचवणारी साधने आली तरी नीटनेटकेपणाची अपेक्षा वाढत जाते आणि गृहिणीचा वेळ वाचत नाही, हे अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले होते. सल्लालेखन ही अपेक्षा वाढवणारे एक माध्यम होय. घरकाम करणाऱ्या स्त्रियांविषयी तर हे लेखन मौनच पाळते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ मध्ये झाला. सजावटीच्या पानांवर मात्र घर आपोआप स्वच्छ असते. फ्लोरा अ‍ॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर यांच्या १८८८ मधील इंग्रजी गृहव्यवस्था-पुस्तकात नोकर पानोपानी आहेत, अर्थात वसाहतवादी तुच्छतेसह. येथे ते पुसलेच गेले आहेत.

असे असूनही हे लेखन वाचणाऱ्या स्त्रियांना भाबडे ठरवणे अन्यायाचे होईल. सासरच्या घरात जिला खिळा ठोकण्याचाही अधिकार नव्हता, तिला पडद्याचा रंग ठरवण्याचे निमित्त या सदरांनी दिले. स्वतःच्या निर्णयाची ती छोटीशी जागा होती. 'स्त्री' मासिकाशी संबंधित असलेल्या विद्या बाळ यांनी १९८९ मध्ये 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले, हा योगायोग मानता येत नाही. घराविषयी बोलता बोलता घराबाहेरच्या प्रश्नांपर्यंत जाण्याची वाट तेथे होती. पुरवण्यांनी ती वाट बहुतांशी बंद केली.

दर जानेवारीत हळदीकुंकवाच्या सजावटीवर मजकूर येतो : हलव्याचे दागिने, पतंगांची कमान, वाणासाठी पर्यावरणपूरक पिशव्या, वीस जणींसाठी फराळाचे प्रमाण. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवाविषयक अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन करणारे परिपत्रक काढले. एका खेड्याच्या ग्रामसभेने जो प्रश्न हाती घेतला तो सजावटीच्या पानांवर अद्याप अभावानेच दिसतो. वाण काय द्यावे याची यादी तेथे दरवर्षी नवी असते. त्या वीस जणींत शेजारच्या घरातील, गेल्या वर्षीपर्यंत येत असलेली बाई आहे की नाही, हे तेथे विचारले जात नाही.