शंभर रुपयांची दोन औषधं आणि तीस टक्के

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बातमी सगळीकडे फिरली. मुंबईच्या टाटा मेमोरियलने शंभर रुपयांची एक गोळी शोधली आहे आणि ती कॅन्सर परत येऊ देत नाही. बातमी आता जुनी झाली, तरी फॉरवर्ड होत होत अजून माझ्यापर्यंत येते. खाली हमखास एकच प्रश्न असतो, "मिळते कुठे?" म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून टाकावं.

आधी मूळ प्रश्न. गाठ काढली, किमो झाली, रेडिएशन झालं. तरी काही वर्षांनी हाडात, फुप्फुसात किंवा मेंदूत कॅन्सर उगवतो तो कसा? सर्वमान्य उत्तर असं की उपचार सुरू होण्याआधीच काही पेशी मूळ गाठीतून निसटलेल्या असतात. त्या रक्तातून दुसरीकडे जातात, कधी वर्षानुवर्षं गप्प बसतात आणि मग वाढू लागतात. कोणत्या अवयवात रुजायचं हेही नुसत्या योगायोगावर नसतं. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच बी आणि जमिनीची उपमा देऊन हे मांडलं होतं.

टाटामधल्या इंद्रनील मित्रा यांच्या गटाचं म्हणणं वेगळं आहे. उपचारांनी मेलेल्या कॅन्सर पेशी फुटतात, त्यांच्यातले क्रोमॅटिनचे (म्हणजे डीएनए आणि त्याला गुंडाळून ठेवणारी प्रथिनं यांचे) बारीक तुकडे रक्तात येतात, निरोगी पेशींमध्ये शिरतात आणि त्यांना बिघडवतात. उंदरांमध्ये माणसाच्या कॅन्सर पेशींची गाठ वाढवून, मग उपचार करून, असे तुकडे दूरच्या अवयवात सापडल्याचं ते दाखवतात. गोळीत तांबं आणि रेझव्हेरट्रॉल (द्राक्षाच्या सालीत असतं ते) आहे. दोघांच्या संयोगातून ऑक्सिजनचे रॅडिकल तयार होतात आणि ते या तुकड्यांचा नाश करतात, असा दावा.

कल्पना धाडसी आहे आणि मला तिचं कुतूहल आहे. पण उंदराच्या मेंदूत मानवी डीएनए सापडणं आणि रुग्णांचा कॅन्सर याच मार्गाने परत येणं, या दोन गोष्टींत मोठी दरी आहे. शिवाय माणसाची गाठ ज्या उंदरात वाढते त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम अधू केलेली असते, नाहीतर त्याचं शरीर ती गाठ टिकूच देणार नाही.

आता आकडा. दुष्परिणाम ५० टक्के कमी होतात आणि कॅन्सर परत येणं रोखण्यात गोळी ३० टक्के परिणामकारक आहे, असं छापून आलं. तीस टक्के कशाचे? किती जणांपैकी, किती वर्षांत? बातमीत काही नाही. आणि गंमत म्हणजे ज्येष्ठ सर्जन राजेंद्र बडवे यांनी त्याच मुलाखतीत स्पष्ट सांगितलं होतं की दुष्परिणामांची तपासणी उंदीर आणि माणसं दोन्हींवर झाली, पण कॅन्सर रोखण्याची फक्त उंदरांवर, आणि माणसांवरच्या चाचण्यांना पाचेक वर्षं लागतील. मथळा लिहिणाऱ्याने ते वाक्य सोडून दिलं. अर्थात चाचण्या व्हायच्या आधीच किंमत आणि बाजारात येण्याचा महिना सांगितला की मथळा असाच होणार, हेही खरंच.

तीस टक्क्यांच्या जवळपासचा एक खरा आकडा टाटाकडे आधीपासून होता. तोही शंभर रुपयांच्या आतला! बडवे यांच्याच नेतृत्वाखाली भारतातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या १६०० स्त्रियांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, दात काढताना हिरडीत देतात तेच. पूर्ण भूल दोन्ही गटांना होतीच. पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या गटात ९०.१ टक्के जिवंत होत्या, दुसऱ्यात ८६.४. दूरच्या अवयवात कॅन्सर गेला तो ८.५ टक्के विरुद्ध ११.६ टक्के स्त्रियांत. म्हणजे मृत्यूचा धोका २९ टक्क्यांनी कमी, किंवा साध्या भाषेत, शंभरातल्या जवळपास चार जणी जास्त जगल्या. दोन्ही वाक्यं एकाच निकालाची आहेत, आणि दुसरं कळल्याशिवाय पहिलं वाचू नये.

या चाचणीतही उणिवा आहेत. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन दिलं नव्हतं, त्यामुळे कोणाला काय मिळालं हे सर्जनला माहीत होतं. लिडोकेन पेशींवरचे सोडियम चॅनल बंद करून त्यांची हालचाल मंदावतं, हे स्पष्टीकरण प्रयोगशाळेतलं आहे. पण मृत्यू मोजताना मत आड येत नाही. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझ्या फोनवर मात्र ते एकदाही फॉरवर्ड होऊन आलं नाही.

मला खरी धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. "मेलेल्या पेशी कॅन्सर पसरवतात" हे वाक्य घरी पोचेपर्यंत "किमोने कॅन्सर पसरतो" असं होतं. तिसऱ्या सायकलनंतर उलट्यांनी बेजार झालेल्या माणसाला थांबायला तेवढं निमित्त पुरतं. मित्रांचा गटसुद्धा किमो बंद करा म्हणत नाही, तिच्या जोडीला गोळी द्या म्हणतो. योग्य रुग्णांत किमोने आयुष्य वाढतं, हे माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांतून दिसलेलं आहे.

घरात कोणाचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं असेल, तर गोळी शोधण्यापेक्षा सर्जनना लिडोकेनबद्दल विचारा. फक्त एक लक्षात घ्या, त्या चाचणीत ऑपरेशनआधी किमो न झालेल्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्याच स्त्रिया होत्या.