धाग्याच्या रेट्यावर

चेन्नईत शहाळ्याच्या पाण्याला ‘इळनीर’ म्हणतात. उच्चारतानाच जिभेवर ओल येते. पण आज आपल्याला कोवळे नको, जून नारळाचे पाणी हवे. त्यात साखर, किंचित आंबटपणा आणि व्हिनेगरच्या कुळातल्या जिवाणूंचे विरजण घालावे आणि बरणी हलवू नये, एवढेच पथ्य. काही दिवसांत वर साय धरते. दुधाची साय बोटाला लागताच सुरकुतते. ही मात्र अलगद उचलता येते, आणि उन्हाकडे धरली की ओल्या काचेसारखी उजळते. तिच्यात सुमारे ९८-९९ टक्के पाणीच. उरलेले निखळ सेल्युलोज, म्हणजे कापसाच्या बोंडातलेच द्रव्य. एड्रियन ब्राउन यांनी १८८६ मध्ये ते ओळखले. फिलिपिन्समध्ये या सायीच्या वड्या पाडून त्या पाकात मुरवतात आणि ‘नाता दे कोको’ म्हणून चवीने खातात.

आता आपण या सायीच्या आत शिरू. कोमागाटाइबॅक्टर नावाचा हा जिवाणू म्हणजे काही सहस्रांश मिलिमीटर लांबीची एक कांडी. तिच्या अंगावर, लांबीच्या दिशेने, सूक्ष्म मुखांची एक रांग असते. आतून एकेक ग्लुकोज येतो आणि साखळीला जोडला जातो, पण प्रत्येक नवा कण आधीच्यापेक्षा अर्धा वळसा घेऊन, उलट-सुलट. मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळापाशी मोगऱ्याचे गजरे बांधणाऱ्या बायकांची बोटे आठवावीत: एका जोडीची तोंडे इकडे, दुसरीची तिकडे, आणि गाठ पुष्कळदा केळीच्या सोपटाची. (ते सोपटही बव्हंशी सेल्युलोजच, हे मला फार उशिरा सुचले.) या उलट-सुलटपणामुळेच साखळी ताठ, सरळ राहते आणि शेजारणीला बिलगू शकते.

पण साखळ्यांना बिलगायला लावते कोण? इथे रस दाटतो. कँडेस हैगलर, माल्कम ब्राउन आणि मोशे बेन्झिमान यांनी १९८० मध्ये द्रावणात कॅल्कोफ्लुओर मिसळले. कपडे उजळ दिसावेत म्हणून वापरतात तो रंग. तो साखळ्यांना चिकटून बसला आणि त्यांचे एकमेकींना बिलगणे थांबले. जिवाणूचे कातणे मात्र थांबले नाही, उलट त्याचा वेग वाढला! म्हणजे कातणे आणि वळणे ही दोन वेगळी कामे. कातण्याचे काम पेशीच्या आत; वळण्याचे बाहेर, साखळ्यांच्या आपापसातल्या ओढीने. मुखे एका रांगेत असल्यामुळे शेजारशेजारचे तंतू मिळून एक फीत तयार होते. विणकराने माग नीट मांडला, एवढेच त्याचे कर्तृत्व. आणि मला तर तेवढेच फार मोठे वाटते.

याच चेन्नईत, गिंडीच्या विद्यापीठ-आवारात, जी. एन. रामचंद्रन आणि गोपिनाथ कर्था यांनी १९५४ मध्ये कातड्यातल्या कोलॅजनची तीन साखळ्यांची घडण मांडली, आणि पुढच्या वर्षी त्या साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या दाखवल्या, जणू तिपेडी वेणी. १९५४ मध्येच हेस्ट्रिन आणि श्राम यांचा याच जिवाणूंच्या सेल्युलोज-निर्मितीवरचा निबंध प्रसिद्ध झाला. दोन्ही तंतूच, पण स्वभाव किती निराळे! कोलॅजन पीळ घेते. सेल्युलोजच्या साखळ्या मात्र आगगाडीच्या रुळांसारख्या समांतर पडतात, थरावर थर.

आणि सर्वांत गोड दृश्य १९७६ चे. माल्कम ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर उजळणारा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. फीत मिनिटाला सुमारे दोन मायक्रॉन वाढते. तिचे मागचे टोक बाकीच्या जाळ्यात अडकलेले, म्हणून नवा धागा बाहेर पडताना जिवाणूच पुढे ढकलला जातो. कोळी स्वतःच्या धाग्याला लोंबकळतो. हा स्वतःच्या धाग्याच्या रेट्यावर चालतो. बरणीतली साय म्हणजे अशा असंख्य वाटचालींचा एकमेकींत गुंतलेला आलेख. वाटेत पेशी दुभंगते, तरी कातणे खंडत नाही. फितीलाच तिथे फाटा फुटतो, आणि दोघी लेकी आपापला धागा सोडत दोन दिशांना निघतात.